सागाच्या खोडातील 1964 : अणुचाचण्या आकाशातून जमिनीखाली का गेल्या?

मुंबईजवळच्या ठाणे परिसरात वाढलेल्या एका सागाने शीतयुद्धाची नोंद आपल्या खोडात जपून ठेवली. साग दरवर्षी एक वलय वाढवतो आणि ते वलय त्या वर्षीच्या हवेतील कार्बनपासून घडते. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतील शास्त्रज्ञांनी या वलयांमधील कार्बन-14 या किरणोत्सारी समस्थानिकाचे प्रमाण मोजले आणि 1994 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. 1964 सालच्या वलयात हे प्रमाण नैसर्गिक आधारपातळीपेक्षा सुमारे 63 टक्क्यांनी अधिक निघाले. उत्तर गोलार्धाच्या हवेत ते सरासरीने जवळपास दुप्पट झाले होते. अणुचाचण्यांची मैदाने त्या सागापासून हजारो किलोमीटर दूर होती, तरीही तेथील स्फोटांचा अंश त्याच्या लाकडात उतरला होता.

1964 नंतर मात्र हे प्रमाण उतरणीला लागले. समुद्र आणि वनस्पती जादा कार्बन शोषत राहिले आणि हवेत नवी भर पडणे जवळपास थांबले. या उतरणीवरून अणुचाचण्याच थांबल्या असाव्यात, असा समज होणे साहजिक आहे. इतिहास वेगळा आहे. जगातील बहुसंख्य अणुचाचण्या 1963 नंतर झाल्या. बदलली होती ती त्यांची जागा. हे स्थलांतर आरोग्याचा विजय होते की निःशस्त्रीकरणाचा पराभव, हा प्रश्न त्या काळी वादाचा होता आणि भारताच्या वाटचालीत तो दोन्ही बाजूंनी गुंतलेला आहे.

हवेतील स्फोट आणि जमिनीखालचा स्फोट यांतील भेद प्रथम भौतिकीचा आहे. जमिनीलगत फुटलेल्या बॉम्बचा अग्निगोल माती, वाळू, प्रवाळ असे जे सापडेल त्याची वाफ करून वर ओढून नेतो. विखंडनातून जन्मलेले किरणोत्सारी अणू या वाफेबरोबर थिजतात आणि त्यांची धूळ बनते. जड कण काही तासांत आसपास पडतात, हलके कण वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात. मेगाटन क्षमतेच्या स्फोटाचा ढग थेट स्थितांबरात घुसतो. तेथे पाऊस नसल्याने सूक्ष्म कण एक-दोन वर्षे तरंगत राहतात आणि मग पृथ्वीभर हळूहळू उतरतात. त्यांतील आयोडीन-131 चा अर्धायुकाल आठ दिवसांचा. गवत, गाय आणि दूध या मार्गाने ते मुलांच्या कंठग्रंथीत पोचते. स्ट्रॉन्शियम-90 चा अर्धायुकाल सुमारे 29 वर्षांचा. रासायनिकदृष्ट्या ते कॅल्शियमचे भावंड असल्यामुळे हाडांत आणि दातांत जाऊन बसते. कार्बन-14 चा अर्धायुकाल 5,730 वर्षांचा आहे.

हे सारे प्रथम प्रयोगशाळांपुरतेच चर्चेत होते. जगाला त्याची जाणीव झाली ती 1 मार्च 1954 रोजी. त्या पहाटे अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी प्रवाळद्वीपावर ‘कॅसल ब्राव्हो’ नावाची चाचणी केली. शास्त्रज्ञांचा अंदाज सुमारे 6 मेगाटनांचा होता. स्फोट 15 मेगाटनांचा झाला. इंधनातील लिथियम-7 हा समस्थानिक निष्क्रिय राहील असे गृहीत धरले होते, पण त्यानेही ट्रिटियम पुरवला आणि स्फोटाचा जोर अडीच पटींनी वाढला. जाहीर केलेल्या धोकाक्षेत्राबाहेर असलेल्या ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवर तासन्‌तास पांढरी राख पडत राहिली. नौकेवरील 23 जण आजारी पडले आणि रेडिओचालक आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये मरण पावले. रोंगेलाप बेटावरील रहिवाशांना दोन दिवसांनी हलवण्यात आले, तोवर राख त्यांच्या घरांवर, पाण्यात आणि अंगावर पडून गेली होती. 1957 मध्ये ते परतले खरे, पण 1985 मध्ये त्यांना आपले बेट पुन्हा सोडावे लागले.

ब्राव्होनंतर महिनाभरातच, 2 एप्रिल 1954 रोजी, पंडित जवाहरलाल नेहरूंनी लोकसभेत निवेदन केले. निःशस्त्रीकरणाचा संपूर्ण करार होईपर्यंत निदान चाचण्या तरी आहेत तेथे थांबवाव्यात, अशी त्यांची मागणी होती. अणुचाचण्या थांबवण्याची सूचना एका सरकारप्रमुखाने इतक्या स्पष्टपणे मांडण्याची ती पहिली वेळ मानली जाते. नेहरूंच्या सूचनेत हवा, पाणी, जमीन असा भेद नव्हता. चाचणी ती चाचणी, आणि ती थांबावी, इतकेच त्यांचे म्हणणे होते.

मागणीला शास्त्रीय पाया हवा म्हणून सरकारने संरक्षण मंत्रालयाचे वैज्ञानिक सल्लागार दौलतसिंह कोठारी यांच्याकडे एक अभ्यास सोपवला. होमी भाभा आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे संचालक वसंत रामजी खानोलकर यांचे साह्य त्याला लाभले. ‘न्यूक्लिअर एक्स्प्लोजन्स अँड देअर इफेक्ट्स’ हा ग्रंथ 1956 मध्ये प्रकाशन विभागाने काढला. 1958 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. अण्वस्त्रांची माहिती बड्या राष्ट्रांच्या तिजोरीत बंद असण्याच्या त्या काळात, नव्याने स्वतंत्र झालेल्या एका देशाने उघड वाङ्मयातून आकडे गोळा करून सामान्य वाचकापुढे ठेवले, ही लहान गोष्ट नव्हती. डिसेंबर 1955 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी किरणोत्साराच्या परिणामांविषयी वैज्ञानिक समिती स्थापन केली, तिच्या 15 संस्थापक सदस्य देशांतही भारत होता.

या समितीने पुढे मांडलेला हिशेब समतोल विचार करायला लावतो. हवेतील चाचण्यांमुळे जगातील सरासरी माणसाला मिळणारी वार्षिक मात्रा 1963 मध्ये शिखराला पोचली, तेव्हा ती सुमारे 0.11 मिलिसिव्हर्ट होती. निसर्गतः मिळणारी मात्रा सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट असते. म्हणजे भर पाच टक्क्यांच्याही आत. चाचण्यांचे समर्थक हाच आकडा पुढे करत. परंतु सरासरीत रोंगेलापचे माणूस दिसत नाही. शिवाय अल्प मात्रा अब्जावधी माणसांना आणि येणाऱ्या अनेक पिढ्यांना मिळाली, तर तिचे एकूण फळ अल्प राहत नाही. सोव्हिएत हायड्रोजन बॉम्बच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या आंद्रेई साखारोव यांनी 1958 मध्ये नेमका हाच हिशेब मांडला. हजारो वर्षांचा काळ धरला, तर हवेतील प्रत्येक मेगाटनामागे सुमारे 10,000 माणसे बळी पडतील, असा त्यांचा अंदाज होता. किरणोत्साराची कितीही लहान मात्रा काही ना काही अपाय करतेच, हे गृहीतक त्यामागे होते आणि त्यावर मतभेद आहेत. तरीही बॉम्ब बनवणाऱ्याच माणसाने तो मांडावा, याला वजन होते.

लोकांच्या मनावर मात्र आकड्यांपेक्षा दातांचा परिणाम अधिक झाला. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात डिसेंबर 1958 पासून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा होऊ लागले. हळूहळू सुमारे तीन लाख दात जमले. चाचण्यांचा जोर वाढत गेला, तसतसे त्या त्या वर्षी जन्मलेल्या मुलांच्या दातांतील स्ट्रॉन्शियम-90 वाढत गेलेले दिसले. आपल्याच मुलाच्या तोंडातून निघालेला पुरावा कोणत्याही सरकारला फेटाळता येत नव्हता. त्याच वर्षी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी जगभरच्या हजारो शास्त्रज्ञांच्या सह्यांचे चाचणीविरोधी निवेदन संयुक्त राष्ट्रांना सादर केले.

चाचण्या करणाऱ्यांनी या दडपणावर शोधलेला तांत्रिक उपाय म्हणजे भूगर्भ. 19 सप्टेंबर 1957 रोजी नेवाडाच्या वाळवंटात सुमारे 270 मीटर खडकाखाली ‘रेनियर’ हा 1.7 किलोटनांचा स्फोट झाला. पूर्णपणे जमिनीत कोंडलेला हा पहिला अणुस्फोट होय. अशा स्फोटात भोवतीचा खडक क्षणात वाफ होतो आणि गोल पोकळी तयार होते. तिच्या भिंतींचा वितळलेला रस तळाशी साचून काचेसारखा घट्ट होतो आणि बहुतेक किरणोत्सारी द्रव्य त्या काचेत अडकून राहते. काही वेळाने पोकळीचे छत कोसळते. कधी ती ढासळ थेट पृष्ठभागापर्यंत पोचून खळगा पडतो. स्फोट कोंडून ठेवायचा, तर खोली किती हवी याचा नेवाडात रूढ झालेला ठोकताळा सोपा होता : किलोटनांतील क्षमतेचे घनमूळ काढावे आणि त्याला सुमारे 120 मीटरांनी गुणावे. झेनॉनसारखे निष्क्रिय वायू तेवढे फटींतून निसटू शकतात.

रेनियरने हवेचा प्रश्न सोडवला आणि पडताळणीचा प्रश्न उभा केला. हवेतील स्फोट लपत नाही. त्याची धूळ दुसऱ्या देशाच्या विमानांच्या गाळणीत सापडते. जमिनीखालचा स्फोट फक्त भूकंपलहरींतून बोलतो, आणि पृथ्वीवर दरवर्षी हजारो भूकंप होतात. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने प्रथम असे सांगितले की, रेनियरची लहर 250 मैलांपलीकडे जाणवली नाही. पत्रकार आय. एफ. स्टोन यांनी शासकीय भूकंपनोंदी चाळल्या, तेव्हा ती सुमारे 2,300 मैलांवरील अलास्कात नोंदली गेल्याचे निघाले. आयोगाला आपले विधान मागे घ्यावे लागले. लपवता येते हे सिद्ध करण्यात ज्यांचा स्वार्थ होता, त्यांनी पुढे नवा युक्तिवाद काढला. भौतिकशास्त्रज्ञ अल्बर्ट लॅटर यांनी 1959 मध्ये दाखवले की, मोठ्या पोकळीत केलेल्या स्फोटाची भूकंपलहर कित्येक पटींनी मंदावते. 1966 मध्ये मिसिसिपीच्या मिठाच्या खडकात केलेल्या प्रयोगाने त्याला दुजोराही मिळाला. अर्थात मोठा बॉम्ब लपवण्यासाठी जमिनीखाली अवाढव्य पोकळी गुपचूप खोदणे सोपे नव्हते, पण सर्वंकष बंदीला नकार देण्यासाठी ही शंका पुरेशी ठरली.

1958 च्या अखेरीपासून तिन्ही अण्वस्त्रधारी राष्ट्रांनी चाचण्या तात्पुरत्या थांबवल्या होत्या. सप्टेंबर 1961 मध्ये सोव्हिएत संघाने त्या पुन्हा सुरू केल्या आणि 30 ऑक्टोबरला आर्क्टिकमधील नोव्हाया झेम्ल्यावर 50 मेगाटनांचा, मानवी इतिहासातील सर्वांत मोठा स्फोट घडवला. 1962 हे चाचण्यांचे विक्रमी वर्ष ठरले. त्याच ऑक्टोबरमध्ये क्यूबाच्या पेचप्रसंगाने जग युद्धाच्या काठावर नेले. त्यानंतर दोन्ही बाजूंना करार हवा होता. गाडी अडली ती प्रत्यक्ष तपासणीवर. संशयास्पद भूकंपांच्या जागी जाऊन पाहण्याच्या वर्षाला जास्तीत जास्त तीन फेऱ्या सोव्हिएत संघाला मान्य होत्या. अमेरिकेला किमान सात हव्या होत्या. तीन आणि सात यांच्यातील दरी भरली नाही. मग जे तपासावे लागत नाही तेवढेच बंद करण्याचे ठरले. 5 ऑगस्ट 1963 रोजी मॉस्कोत आंशिक चाचणीबंदी करारावर सह्या झाल्या. हवा, अंतराळ आणि पाणी यांत चाचण्या निषिद्ध झाल्या. किरणोत्सारी द्रव्य देशाच्या सीमेबाहेर जाऊ नये, एवढ्या अटीवर भूगर्भ मोकळा राहिला. हा करार इतर राष्ट्रांना खुला होताच सही करणाऱ्या पहिल्या देशांत भारत होता.

या कराराचे श्रेय नाकारता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या हिशेबानुसार हवेतील सुमारे 540 स्फोटांची एकत्रित क्षमता 440 मेगाटन होती. जमिनीखालच्या 1,870 हून अधिक स्फोटांची मिळून सुमारे 90 मेगाटन. स्फोट तिपटीहून अधिक, पण ऊर्जा एक-पंचमांश, आणि तीही बहुतांशी खडकात कोंडलेली. फ्रान्सने 1974 पर्यंत आणि चीनने 1980 पर्यंत हवेत चाचण्या केल्या. तरी मुलांच्या हाडांतील स्ट्रॉन्शियम आणि सागाच्या वलयांतील कार्बन 1960 च्या दशकातच उतरू लागला. सार्वजनिक आरोग्याच्या तराजूत भूगर्भाचे पारडे निःसंशय जड आहे.

तराजू मात्र एकच नाही. हवेतील चाचणी वाईट होती आणि दिसतही होती. ती दिसत होती म्हणून नेहरूंना संसदेत बोलावे लागले, म्हणून आयांनी मुलांचे दात पाकिटात घालून पाठवले, म्हणून करार झाला. चाचण्या जमिनीखाली गेल्या आणि हे दडपण ओसरले. नेवाडात आणि कझाकस्तानातील सेमिपालातिन्स्क येथे पुढची अडीच-तीन दशके स्फोट होत राहिले. त्यांतून लहान, हलकी, एका क्षेपणास्त्रावर अनेक बसतील अशी अस्त्रे सिद्ध झाली.

शिवाय जमीन प्रत्येक वेळी विश्वासू ठरली नाही. 18 डिसेंबर 1970 रोजी नेवाडातील ‘बेनबेरी’ या 10 किलोटनांच्या चाचणीत जमीन फाटली आणि किरणोत्सारी ढग सुमारे तीन किलोमीटर उंच चढला. ओलसर मातीमुळे भोवतीच्या खडकाने अपेक्षेप्रमाणे पकड घेतली नव्हती. त्यानंतर सुमारे सहा महिने तेथील चाचण्या स्थगित होत्या. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असेही आढळले की, 1968 च्या एका चाचणीतील प्लुटोनियम अतिसूक्ष्म कणांना चिकटून भूजलाबरोबर तीस वर्षांत 1.3 किलोमीटर सरकले होते. सेमिपालातिन्स्कमध्ये फेब्रुवारी 1989 मध्ये भूगर्भीय स्फोटातून वायू बाहेर पडला, तेव्हा कवी ओल्झास सुलेमेनोव्ह यांनी दूरचित्रवाणीवरून ती बातमी लोकांपुढे ठेवली. त्यातून उभ्या राहिलेल्या आंदोलनाने 1991 मध्ये ते मैदान कायमचे बंद करवले. जमिनीखालचा स्फोट लोकांना दिसला, तेव्हाच तोही थांबला.

भारताच्या बाबतीत 1963 चा मोकळा दरवाजा निर्णायक ठरला. 16 ऑक्टोबर 1964 रोजी चीनने लोप नोर येथे आपला पहिला बॉम्ब हवेत फोडला. आठच दिवसांनी होमी भाभांनी आकाशवाणीवरील भाषणात अणुस्फोटाच्या खर्चाचे आकडे सांगितले. ते आकडे अमेरिकेने शांततामय भूगर्भीय स्फोटांसाठी जाहीर केलेल्या दरांवर आधारलेले होते. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी अशाच शांततामय भूगर्भीय स्फोटाच्या अभ्यासाला मुभा दिली. हवेत चाचणी करून भारताला स्वतःची सही मोडावी लागली असती आणि 1954 ची स्वतःची भूमिकाही. जमिनीखाली गेल्यास पहिली अडचण उरत नव्हती. दुसरी उरत होती.

18 मे 1974 रोजी सकाळी 8 वाजून 5 मिनिटांनी राजस्थानातील पोखरण येथे 107 मीटर खोलीवर स्फोट झाला. भाभा अणुसंशोधन केंद्राने क्षमता 12 किलोटन सांगितली. जमिनीवर सुमारे 47 मीटर त्रिज्येचा आणि 10 मीटर खोल खळगा पडला. नेवाडाच्या ठोकताळ्याने 12 किलोटनांसाठी सुमारे 275 मीटर खोली लागली असती. पोखरणची खोली त्याहून बरीच कमी होती. किरणोत्सार बाहेर पडला नाही असे सरकारी निवेदनात सांगण्यात आले. बाहेरच्या अनेक भूकंपशास्त्रज्ञांनी क्षमताच कमी असल्याचा अंदाज बांधला. हा वादही भूगर्भीय चाचणीच्या स्वभावातूनच येतो. लहरीची तीव्रता मोजता येते, पण तिच्यावरून किलोटन काढायचे, तर खडकाचा प्रकार, त्यातील पाणी आणि खोली यांची खात्रीची माहिती लागते. ती चाचणी करणाऱ्याच्याच हाती असते.

याच भारताने दुसऱ्यांचे भूगर्भीय स्फोट ऐकण्याची विद्याही अवगत केली. रेनियरनंतरच्या वादातून अमेरिकेने जगभर सुमारे 120 प्रमाणित भूकंपमापन केंद्रांचे जाळे उभारले. त्यात नवी दिल्ली, शिलाँग, पुणे आणि कोडाईकनाल ही केंद्रे होती. 1960 च्या दशकात अणुऊर्जा विभागाने ब्रिटिश सहकार्याने कर्नाटकातील गौरीबिदनूर येथे भूकंपमापकांची रांग बसवली. भूकंपात खडक भेगेवर घसरतो, स्फोटात तो सर्व दिशांना ढकलला जातो. म्हणून सारख्या तीव्रतेचा स्फोट पृष्ठभागावरून जाणाऱ्या लांब लहरी तुलनेने कमी निर्माण करतो. हा भेद ओळखण्याचे काम तेथे दशकानुदशके चालले.

11 आणि 13 मे 1998 रोजी पोखरणला पुन्हा चाचण्या झाल्या आणि जवळच्या खेतोलाई गावातील घरांना तडे गेले. पहिल्या दिवसाचे स्फोट जगभर नोंदले गेले. 13 मेचे, एक किलोटनाहून कमी क्षमतेचे म्हणून जाहीर झालेले स्फोट पाकिस्तानातील निलोर केंद्रालाही जाणवले नाहीत. त्याआधी दोन वर्षे, 1996 मध्ये, सर्वंकष चाचणीबंदी करार सह्यांसाठी खुला झाला होता. म्हणजे 1954 मध्ये भारताने मागितले होते जवळपास तेच. पण अण्वस्त्रे नष्ट करण्याची कालमर्यादा त्यात नाही, म्हणून भारताने सही केली नाही. 1998 नंतर त्याने स्वतःहून चाचण्या थांबवल्या. करार अद्याप अंमलात आलेला नाही. अमेरिकेने त्याला संमती दिलेली नाही आणि रशियाने दिलेली संमती 2023 मध्ये मागे घेतली. कराराची 337 केंद्रांची नियोजित निरीक्षणव्यवस्था मात्र बहुतांशी उभी राहिली आहे. ऑक्टोबर 2006 मधील उत्तर कोरियाचा एक किलोटनाहूनही लहान स्फोट तिने टिपला. 1963 मध्ये ज्या शंकेपोटी भूगर्भ मोकळा सोडला, ती शंका आज बरीचशी निमाली आहे. मोकळा दरवाजा आता तंत्राच्या उणिवेमुळे उघडा नाही.

हवेतील चाचण्यांचा मागोवा अजूनही विज्ञानाच्या उपयोगी पडतो. 1963 च्या आसपास पावसातून उतरलेल्या ट्रिटियमचा थर जमिनीत किती खोल गेला हे मोजून टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी 1970 च्या दशकात गुजरातच्या कोरड्या भागात भूजल किती भरते याचा अंदाज बांधला. ठाण्याच्या सागाने हवा आणि समुद्र यांच्यातील कार्बनच्या देवघेवीचा हिशेब दिला. 18 मे 1974 ची खूण मात्र अशा कोणत्याही झाडात सापडणार नाही. ती भूकंपमापकांच्या कागदावर आहे, वाळवंटातल्या खळग्यात आहे आणि खळग्याखाली थिजलेल्या काचेत आहे. सागाचे वलय ज्यांनी वाचले, त्यांना हवा निवळल्याचे दिसेल. चाचण्या संपल्या की नाही, हे त्या वलयाला ठाऊक नाही.